वॉटरजेटची लँडिंग क्राफ्ट कोकणच्या पुळणीला लावण्याची आणि परत काढण्याची पद्धत

लँडिंग क्राफ्ट ही धक्क्याला लागण्यासाठी बांधलेली नौका नसते. सैनिक, वाहने आणि सामान घेऊन ती थेट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नाळ (नौकेचे पुढचे टोक) टेकवते, पुढचा रॅम्प खाली सोडते, माल उतरवते आणि आपल्याच बळावर पुन्हा पाण्यात निघते. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ या मार्गांवरच्या फेरीबोटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सपाट तळ आणि उघडणारा रॅम्प ही रचना नवी वाटणार नाही. मात्र फेरीबोटीला बांधून काढलेला उतार मिळतो, आणि लष्करी नौकेला समोर येईल तो किनारा घ्यावा लागतो. अशा नौकेला वॉटरजेट, म्हणजे पाणी आत ओढून मागे फेकणारा पंप, बसवले की तळाखाली पंखा, दांडा किंवा सुकाणू यांपैकी काहीच लोंबत राहत नाही, आणि त्यामुळे उथळ पाण्याची काळजी मिटली असा समज सहज होतो. तो समज नौकेला महागात पडतो. पंखा समुद्रतळाला आपटून मोडतो. वॉटरजेट वाळू पिऊन झिजते, आणि ही झीज त्या दिवशी दिसतही नाही.

पुढील माहिती नौदल, तटरक्षक दल किंवा सागरी पोलीस दलात खलाशी अथवा इंजिनमन म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या, तसेच किनाऱ्यावर बोटबांधणीचे काम शिकणाऱ्या वाचकांसाठी लिहिली आहे. प्रत्येक नौकेची स्वतःची पुस्तिका असते आणि तिच्यावर नौकाप्रमुखाचा हुकूम चालतो; येथे सांगितलेली पद्धत त्या दोहोंच्या जागी वापरू नये, तर त्यांतले नियम कशासाठी आहेत हे समजून घेण्यासाठी वाचावी.

जेट काय करते

नौकेच्या तळाला, पिछाडीजवळ, एक तिरके तोंड असते आणि त्यावर गजांची ग्रिल असते. त्या तोंडातून पाणी वर ओढले जाते, इंजिनाने फिरणारा इम्पेलर त्याला दाब देतो, त्यामागच्या स्थिर पात्यांचा स्टेटर पाण्याचा पीळ काढून टाकतो, आणि शेवटी अरुंद होत गेलेल्या नॉझलमधून ते पाणी पिछाडीबाहेर वेगाने फेकले जाते. आग विझवणाऱ्या जवानाच्या हातातली नळी जशी त्याला मागे रेटते, तशीच ही धार नौकेला पुढे रेटते. बाहेरच्या पाण्यावर किंवा हवेवर धार आपटण्याची त्यासाठी गरज नसते. सर विल्यम हॅमिल्टन यांनी न्यूझीलंडमधल्या उथळ, खडीने भरलेल्या नद्यांसाठी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही यंत्रणा व्यवहारात आणली, तेव्हा नॉझल पाण्याखालून काढून पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावरच नौकेला खरा वेग मिळाला.

रेटा किती मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते: दर सेकंदाला किती पाणी फेकले जाते, आणि त्या धारेचा वेग नौकेच्या वेगापेक्षा किती जास्त आहे. नौका उभी आहे, जेट सेकंदाला ५०० किलो पाणी १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकत आहे असे धरले, तर रेटा ७,५०० न्यूटन, म्हणजे साधारण पाऊण टन वजनाइतका होतो. या उदाहरणातला रेटा बाजूला ठेवून दुसरा आकडा लक्षात ठेवावा. सेकंदाला अर्धा टन पाणी तळाखालच्या फटीतून वर ओढले जाते. खाली भरपूर खोली असेल तेव्हा ते चारी बाजूंनी सावकाश येते. खाली वीतभरच पाणी असेल तेव्हा तेवढेच पाणी वाळूला घासत येते आणि वाळू सोबत घेऊन येते. नौका वेगात असताना तोंडात येणारे पाणी तळालगतच्या पातळ थरातून समोरून शिरते, म्हणून धावत्या जेटपेक्षा जागच्या जागी जोरात फिरणारे जेट समुद्रतळाची वाळू अधिक उचलते. या लेखातल्या जवळजवळ सर्व सूचना या एका वाक्यातून निघतात.

दिशा आणि माघार यांची यंत्रणा नॉझलच्या मागे असते. धार डावी-उजवीकडे वळवणारे नॉझल सुकाणूचे काम करते, आणि धारेवर खाली येणारी बकेट तिला पुढच्या बाजूला, तळाखाली वळवून नौकेला मागे आणते. बकेट अर्धवट खाली असताना पुढचा आणि मागचा रेटा समसमान होतो, आणि इंजिन चालू असूनही नौका जागेवर थांबते. या स्थितीतही दिशेवर ताबा राहतो, आणि पुळणीजवळ याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

कोणत्या नौकेला जेट द्यावे

जेट सर्व नौकांना सारखेच मानवत नाही. धारेचा वेग नौकेच्या वेगाच्या जितका जवळ, तितकी शक्ती कमी वाया जाते. ३० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) जाणाऱ्या नौकेची धार २४ मीटर प्रतिसेकंद असेल तर आदर्श हिशेबात सुमारे ७८ टक्के शक्ती उपयोगी पडते. १० नॉटला, १५ मीटरच्या धारेसह, हाच आकडा ५१ टक्क्यांवर येतो, आणि नळीतली घसट व पंपातला तोटा त्यातून आणखी वजा करावा लागतो. म्हणून साधारण २० ते २५ नॉटच्या खाली पंखा सरस ठरतो.

भारतीय नौदलाच्या एलसीयू (लँडिंग क्राफ्ट युटिलिटी) मार्क ४ वर्गाच्या नौका सुमारे ६३ मीटर लांबीच्या असून त्या अर्जुनसारखा मुख्य रणगाडा वाहून नेतात आणि १५ नॉटच्या आसपास चालतात. त्यांना पंखेच आहेत, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. याउलट स्वीडनची सीबी-९० ही सुमारे १६ मीटर लांबीची, अवघी ८० सेंटिमीटर डूब (पाण्याखाली जाणारी खोली) असलेली नौका तुकडीभर सैनिक घेऊन ४० नॉटच्या घरात धावते आणि नाळेतल्या रॅम्पवरून त्यांना उतरवते. तिला दोन जेट आहेत. फ्रान्सच्या ईडीए-आर या जुळ्या सांगाड्याच्या नौकेत मधला मंच वर-खाली होतो, भार घेऊन ती १८ नॉटने चालते आणि तिलाही जेटच आहेत. म्हणजे १८ नॉटलाही जेट निवडण्यामागे केवळ वेगाचा विचार नसतो. भारतीय लष्कराने १९७१ च्या युद्धात वापरलेला पीटी-७६ हा तरंगणारा रणगाडा तर पाण्यात ताशी १० किलोमीटरच्या आसपास जात असे, तरी त्याला जेटच होते, कारण जमिनीवर खडबडीत चालणाऱ्या वाहनाच्या पोटाखाली पंखा टिकलाच नसता.

जेटचा आणखी एक गुण लँडिंग क्राफ्टला विशेष लागू पडतो. पंखा नौकेच्या ठरावीक भाराला आणि वेगाला जुळवून निवडावा लागतो. नौका भाराने जड झाली की तो इंजिनावर ओझे टाकतो. जेटच्या इम्पेलरला लागणारी शक्ती मुख्यतः त्याच्या फेऱ्यांवर ठरते, नौकेच्या वेगावर फारशी नाही. त्यामुळे भरलेली नौका आणि रॅम्पवरून सगळे उतरल्यानंतरची रिकामी नौका, या दोन्ही अवस्थांत इंजिन आपल्या मर्यादेत राहते.

आपल्या किनाऱ्यावर जेट अनोळखी नाही. तटरक्षक दलाच्या वेगवान इंटरसेप्टर बोटी जेटवर चालतात. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव दिलेली, उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी ७७ मीटर लांबीची युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली. दाखल झाली तेव्हा डिझेल इंजिन आणि वॉटरजेट यांच्या जोडीवर चालणारी ती नौदलाची सर्वांत मोठी युद्धनौका होती. ती लँडिंग क्राफ्ट नसली तरी उथळ पाण्यातल्या कामाला जेट का घेतात, हे तिच्या कामावरून समजते.

किनारा पाहणे

नौका लावण्याआधी पुळण पायी पाहणे शक्य असेल तर ती ओहोटीच्या वेळी पाहावी. भरतीला सगळे किनारे सारखेच दिसतात. सुकतीला पाणी ओसरले की खडपे, वाळूचे दांडे, मोडलेले खांब आणि ओढ्याने कापलेली चर उघडी पडते. खडपाची टोके नकाशात सापडतीलच असे नाही, गावातल्या तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) मात्र ती पाठ असतात, म्हणून सरावाच्या वेळी त्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लावलेली असेल तर तिचा वेढा किती दूर गेला आहे हे किनाऱ्यावरच्या दोरांवरून कळते. तो वेढा ओलांडू नये: त्यात मच्छीमारांचे नुकसान आहे, आणि जाळ्याचा एक पदर तोंडात गेला की नौका तिथेच थांबते.

यानंतरचा प्रश्न उताराचा, आणि जेटच्या नौकेसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १६ मीटर लांबीची नौका घ्या. भार घेतल्यावर तिची नाळेकडची डूब ५० सेंटिमीटर आणि पिछाडीकडची ८० सेंटिमीटर आहे असे समजा. नाळ वाळूला टेकते तेव्हा तिच्याखाली ५० सेंटिमीटर पाणी असते. उतार ५० ला १ (५० मीटर अंतरात १ मीटर) असेल तर पिछाडीपाशी आणखी ३२ सेंटिमीटर खोली मिळते, म्हणजे एकूण ८२, आणि जेटच्या तोंडाखाली उरतात दोन सेंटिमीटर. उतार ३० ला १ असेल तर पिछाडीला सुमारे १०३ सेंटिमीटर पाणी मिळते आणि तोंडाखाली २३ सेंटिमीटर राहतात. उतार १५ ला १ असेल तर खाली पाऊण मीटरहून अधिक पाणी राहते आणि जेट जवळपास निर्धास्तपणे चालवता येते. तीच नौका, तोच भार, तोच चालक. केवळ उतार बदलल्याने काम अशक्य, अवघड किंवा सोपे होते.

कोकणातल्या अनेक पुळणींचा वरचा भाग, जिथे भरतीचे पाणी पोचते, खालच्या भागापेक्षा अधिक उतरता असतो. खाली, ओहोटीच्या रेषेकडे, वाळू सपाट आणि लांबवर पसरलेली असते. त्यामुळे चढत्या भरतीच्या उत्तरार्धात आलेल्या नौकेला उभट उतार मिळतो आणि जेटला पाणी मिळते. ओहोटीला आलेली नौका किनाऱ्यापासून दूरच टेकते, सैनिकांना कमरेएवढ्या पाण्यातून चालावे लागते, आणि पिछाडीचे तोंड वाळूवर बसते. उतार ऋतूनुसारही बदलतो: पावसाळ्याच्या लाटा वरची वाळू ओढून समोरच्या दांड्यांत नेऊन ठेवतात आणि हिवाळ्यात समुद्र ती हळूहळू परत आणतो. म्हणून मार्चमध्ये मोजलेला उतार ऑक्टोबरमध्ये ग्राह्य धरू नये.

भरतीची वेळ किनाऱ्यावरची माणसे तिथीच्या पाऊणपटीने काढतात. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याचाच हा हिशेब आहे आणि मुंबईच्या आसपास तो बराच जुळतो. तरीही नौका लावण्यासाठी त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टकच वापरावे, कारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वेळ आणि उंची दोन्ही बदलतात. मोठ्या उधाणाला मुंबईकडे पाण्याचा चढउतार चार मीटरच्या वर जातो. रत्नागिरीपासून खाली तो साधारण दोन-अडीच मीटरवर येतो, आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत त्याहून बराच कमी असतो.

पाणी किती वेगाने उतरते हे बाराव्या हिश्श्याच्या नियमाने काढता येते. चढउतार २.४ मीटर असेल तर पूर्ण भरतीनंतरच्या पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर उतरते, दुसऱ्या तासात ४० आणि तिसऱ्यात ६०. ३० ला १ उतारावर तिसऱ्या तासात पाण्याची कड १८ मीटर मागे जाते, म्हणजे आपल्या उदाहरणातली संपूर्ण नौका एका तासात कोरडी पडते. यासाठी भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी टेकावे, म्हणजे उतरवण्याचे काम चालू असताना पाणी वाढत राहील आणि नौका आपोआप हलकी होत जाईल. पूर्ण भरतीला किंवा तिच्यानंतर टेकणे म्हणजे पुढचे बारा तास वाळूवर काढण्याची तयारी ठेवणे.

खाडीच्या आतल्या चिखलाच्या काठांविषयी थोडेच सांगतो. गाळ इम्पेलरला वाळूइतका झिजवत नाही, पण तो इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचे स्ट्रेनर (गाळण्या) भरून टाकतो आणि इंजिन तापते. बांधणी करतानाच थंड पाण्यासाठी नौकेच्या अंगालाच बसवलेला कूलर किंवा टाकीतले पाणी फिरवण्याची सोय ठेवली असेल तर हा त्रास होत नाही. शिवाय चिखल वाहने पेलत नाही. खारफुटीच्या काठाला नौका लावूच नये.

लाटांतून आत जाणे

आत शिरण्यापूर्वी, लाटा फुटतात त्या रेषेच्या बाहेर थांबून समुद्र काही मिनिटे नुसता पाहावा. लाटा गटाने येतात. मोठ्या लाटांचा गट जाऊन गेल्यावर काही वेळ तुलनेने शांत जातो, आणि आत जाणे त्याच वेळात बसवावे. याच वेळी बकेट वर-खाली करून, नॉझल दोन्ही बाजूंना वळवून आणि स्ट्रेनर पाहून यंत्रणेची खात्री करून घ्यावी.

आता जेटचा सर्वांत घातक स्वभाव. पंख्याच्या नौकेचा थ्रॉटल कमी केला तरी मागचे सुकाणू पाण्यात असते आणि नौका थोडीफार वळते. जेटला सुकाणू नाही. धार थांबली की दिशा गेली. मागून येणाऱ्या लाटेवर नौका घसरू लागल्यावर घाबरून थ्रॉटल बंद करणारा चालक नेमक्या त्या क्षणी नौका लाटेच्या हवाली करतो, ती आडवी फिरते आणि पुढची लाट तिला कलंडवते. म्हणून इंजिनाच्या फेऱ्या मध्यम आणि स्थिर ठेवाव्यात आणि वेग बकेटने कमी-जास्त करावा. हे हाताला लागण्यासाठी मोकळ्या, खोल पाण्यात भरपूर सराव करावा लागतो, कारण पंख्यावर शिकलेला हात संकटात आधी थ्रॉटलकडेच जातो.

नौका लाटेच्या पाठीवर ठेवावी, तिच्या पुढे जाऊ नये आणि मागच्या लाटेला पिछाडी गाठू देऊ नये. दिशा लाटांना काटकोनात असावी. एक खलाशी नाळेपाशी खुणा केलेला बांबू घेऊन खोली सांगत राहिला तर ते पडद्यावरच्या आकड्यापेक्षा भरवशाचे ठरते, कारण फेसाळलेल्या पाण्यात इको साउंडर (ध्वनीने खोली मोजणारे यंत्र) चुकीचे आकडे दाखवतो.

मागचा नांगर टेकण्याच्या जागेपासून नौकेच्या तीन-चार लांबींवर सोडावा आणि त्याचा दोर विंचवरून (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून) ताणातच जाऊ द्यावा. जेटच्या नौकेवर हा दोर पंख्यात अडकण्याची भीती नसते, पण सैल पडलेला दोर तळाखाली वाहत गेला तर तोंडाची ओढ त्याला आत घेते, आणि मग नांगरही कामाचा राहत नाही आणि जेटही नाही. विंचवर एक माणूस केवळ या कामासाठी असावा.

टेकणे, उतरवणे, निघणे

खोली नौकेच्या डुबीच्या दुपटीवर आली की फेऱ्या कमी करायला सुरुवात करावी. पाण्याचा ओघ फेऱ्यांच्या प्रमाणात घटतो आणि रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात; फेऱ्या निम्म्या केल्या तर ओढले जाणारे पाणी निम्मे होते आणि रेटा एक चतुर्थांश उरतो. तेवढा रेटा दिशा राखायला पुरतो की नाही, हे भार आणि वारा पाहून चालकाने ठरवायचे असते. लाटा मोठ्या असतील तर थोडी वाळू आत गेलेली चालेल, पण दिशा सोडू नये. झिजलेला इम्पेलर बदलता येतो, आडवी पडलेली नौका सावरता येत नाही. पाणी शांत असेल तर मात्र इंजिनाचा विचार आधी करावा.

नाळ चालण्याच्या वेगाने, एखाद-दोन नॉटने, टेकावी. टेकल्यावर नौका जागेवर धरून ठेवण्याचे काम मागच्या नांगराचा ताण आणि इंजिनाच्या सर्वांत कमी फेऱ्यांवरचा हलका पुढचा रेटा यांनी मिळून करायचे असते. पंख्याच्या नौकांवर टेकल्यावर इंजिन जोरात पुढे रेटत ठेवण्याची सवय असते. जेटवर ती सोडून द्यावी, कारण ते जागच्या जागी वाळू उपसणे आहे. नौका आडवी होऊ लागली तर फेऱ्या न वाढवता आधी नॉझल वळवून पाहावे. दोन जेट असतील तर एकाची बकेट थोडी वर आणि दुसऱ्याची खाली ठेवून पिछाडी सावकाश सरकवता येते.

रॅम्प सोडल्यावर सर्व माणसांनी नाळेकडूनच चढावे-उतरावे. पिछाडीच्या आसपास पाण्यात कोणीही जाऊ नये. उघडा पंखा नाही म्हणून जेट निरुपद्रवी आहे असे मानणे चुकीचे आहे: बकेट मधोमध असताना नौका स्थिर दिसते, पण इम्पेलर पूर्ण फिरत असतो आणि तळाखालची ओढ चालूच असते; दोर, कपड्याचा पदर किंवा केस ती ओढून घेते. तसेच माघारीची धार तळाखालून पुढे, म्हणजे किनाऱ्याकडे येते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे पाय उडवते. म्हणून बकेट मागे टाकण्यापूर्वी नाळेपाशी असलेल्या माणसाने दोन्ही बाजू पाहून खूण द्यावी, आणि ती मिळेपर्यंत चालकाने थांबावे.

वाहने उतरताना ओली, घट्ट वाळू त्यांना पेलते. तिच्या वरची कोरडी, भुसभुशीत वाळू चाके खाते. रॅम्पपासून घट्ट जमिनीपर्यंत चटया अंथरायच्या असतील तर त्या पहिल्या वाहनाआधी उतरवाव्यात.

निघताना पहिला जोर विंचचा असावा. भार उतरल्याने नौका हलकी झालेली असते आणि भरतीही चढलेली असते. बहुतेक वेळा नांगराचा दोर ओढताच नाळ सुटते. जेटची माघार ही मुळातच पुढच्या रेट्यापेक्षा बरीच कमी ताकदीची असते, कारण बकेटमध्ये वळताना धारेची शक्ती जाते. शिवाय ती धार तळाखालची वाळू उसकटते आणि तेच गढूळ पाणी तोंड पुन्हा आत घेते. यात एक फायदाही आहे: तळाखाली शिरलेले पाणी वाळूची पकड ढिली करते. म्हणून माघार द्यायची तर थोडा वेळ द्यावी, थांबावे, गढूळ पाणी वाहून जाऊ द्यावे आणि नेमकी लाट नौकेला उचलत असताना पुन्हा द्यावी. सलग, पूर्ण फेऱ्यांवर माघार देत राहण्याने नौका सुटत नाही आणि वेअर रिंग (इम्पेलरभोवतीचे झिजणारे कडे) मात्र जाते.

मागे जाताना दिशेची एक गोष्ट आधीच हातात बसलेली असावी. बहुतेक रचनांत चाक डावीकडे फिरवले की नाळ डावीकडेच जाते, नौका पुढे चालली असो वा मागे. म्हणजे मागे जाताना पिछाडी उजवीकडे सरकते. मोटार मागे घेण्याची सवय येथे उलटी पडते. फुटणाऱ्या लाटांची रेषा ओलांडेपर्यंत सरळ मागेच जावे, नांगर उचलून घ्यावा, आणि लाटांच्या दोन गटांमधल्या शांत वेळात एका दमात वळावे.

जेट तुंबले तर

कोकणच्या पाण्यात जेटला वाळूखालोखाल त्रास होतो तो तुटलेल्या जाळ्यांचा, नायलॉनच्या दोरांचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा; पहिल्या पावसानंतर नद्यांतून वाहून येणारा पालापाचोळा आणि फांद्या त्यात भर घालतात. ग्रिलवर काही चिकटले की पंपाला पाणी अपुरे पडते. इंजिनाच्या फेऱ्या अचानक वाढतात, वेग उतरतो आणि पिछाडीतून खडी पडल्यासारखा आवाज येतो. काही इम्पेलरला गुंडाळले गेले तर नौका थरथरते. दोन्ही वेळी फेऱ्या वाढवणे हा उपाय नाही.

आधी क्लच सोडून क्षणभर थांबावे. ओढ थांबताच पिशवी पुष्कळदा आपोआप गळून पडते. गिअरबॉक्समध्ये उलट्या फेऱ्यांची सोय असेल तर अगदी कमी फेऱ्यांवर थोडा वेळ इम्पेलर उलटा फिरवावा, म्हणजे पाणी तोंडातून बाहेर जाऊन अडकलेले ढकलते. तेवढ्याने न भागल्यास पाहणीचे झाकण उघडून हाताने काढावे लागते. त्याआधी इंजिन बंद करून किल्ली झाकण उघडणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे, आणि भरलेल्या नौकेत झाकण पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना हेही पाहिले पाहिजे. दोर कापायला वाकडी सुरी जवळच टांगलेली असावी. लाटांच्या रेषेत असताना हे कोणतेही काम काढू नये. तिथे मागच्या नांगरावर टिकून राहावे किंवा दुसऱ्या जेटवर बाहेर पडावे.

परत आल्यावर

पुळणीवरून सुटल्यावर खोल, स्वच्छ पाण्यात येताच जेट काही मिनिटे मध्यम फेऱ्यांवर पुढे चालवावे, म्हणजे नळीत आणि सीलपाशी साचलेली वाळू धुऊन जाते. त्याच वेळी इंजिनाचे तापमान पाहावे आणि स्ट्रेनर उघडून साफ करावेत. तळावर परतल्यावर गोड्या पाण्याने आतून धुणे, बकेटच्या सांध्यांना ग्रीस देणे आणि हायड्रॉलिक तेल पाहणे हे रोजचे काम आहे.

इम्पेलरची टोके आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांत मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते. वाळू ती फट वाढवते, दाबलेले पाणी टोकांवरून मागे गळते, आणि तेवढ्याच फेऱ्यांवर नौका पूर्वीपेक्षा हळू जाऊ लागते. यासाठी नौका नवी असतानाच, ठरावीक भाराने आणि ठरावीक फेऱ्यांवर मिळणारा वेग नोंदवून ठेवावा आणि तीच चाचणी नियमाने पुन्हा घ्यावी. वहीतले आकडे घसरू लागले की नौका वर घेऊन फीलर गेजने फट मोजावी. पुस्तिकेतली मर्यादा ओलांडली असेल तर रिंग बदलावी. पुळणीवर बरेचदा लागणाऱ्या नौकेसाठी सुटी रिंग आणि सुटा इम्पेलर तळावर असलाच पाहिजे.

जेटचे घर बहुधा ॲल्युमिनियमचे आणि इम्पेलर स्टेनलेस स्टीलचा असतो. खाऱ्या पाण्यात ही जोडी ॲल्युमिनियमला खाते, म्हणून त्यावर झिंकचे तुकडे बसवलेले असतात, जे आधी स्वतः झिजतात. ते अर्ध्याच्या आसपास झिजले की बदलावेत आणि त्यांच्यावर रंग कधीही लावू नये. तळाला शेवाळ आणि बार्नेकल (कवच असलेले, चिकटून राहणारे सागरी जीव) धरू नयेत म्हणून जो रंग लावतात तो तांबे नसलेला असावा. तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला झिंकच्या बंदोबस्तालाही न जुमानता खातो.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सरावाच्या नौकाही बऱ्याचदा खाडीत उभ्या राहतात. उभ्या जेटच्या नळीत काही आठवड्यांत बार्नेकल धरतात, आणि त्यांची खरबरीत कड पाण्याचा प्रवाह मोडून पोकळ्या निर्माण करते, ज्या इम्पेलरची पाती टोचून खातात. नौका वर काढून ठेवणे शक्य असेल तर तेच करावे. पाण्यातच ठेवावी लागली तर आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालवून जेट फिरवावे, बकेट आणि नॉझल दोन्ही टोकांपर्यंत हलवावेत, आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी ग्रिल, नळी आणि इम्पेलर विजेरीने पाहून, खरवडून, मगच वेगाची चाचणी घ्यावी.